जुन्या गावात घरं उगवतात

“…अन् जुन्या गावात म्हणं घरं उगवायलीत. एका घरात तर बाई पाणी…”

एवढं बोलून लोहाऱ्याला जाणाऱ्या जीपमधली बाई फाट्यावर उतरून गेली. पाणी काय? पिते, मागते, भरते? तेव्हापासून मला घास गोड लागेना.

तसे असले किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागत नाही. शेजारी वैशालीमॅडम राहतात, लँडस्केप आर्किटेक्ट. बागा, मैदानं, रस्त्याकडेची झाडं यांचे नकाशे काढतात. त्यांच्या संघटनेची जिल्हा शाखा म्हणजे त्यांची पुढची खोली, आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी तिकडंच उघडते. बैठक असली की मी कुकर लावत नाही. शिट्टीत अर्धं बोलणं जातं.

* * *

शाखेची पाटी लागली तेव्हा आमच्या ह्यांनी मोठ्यानं वाचली, “लँड-एस्केप. म्हणजे जमीन पळवणारे का?”

“नाही भाऊजी,” मॅडम म्हणाल्या, “जमीन जागेवर ठेवणारे.”

लोकांचे फोनही तसलेच. एकजण माळी पाठवा म्हणाला, एकानं लग्नाचं स्टेज सजवायला बोलावलं. संघटनेपुढच्या अडचणींवर बैठक झाली, तेव्हा शिंदेसर, सगळ्यात जुने सभासद, म्हणाले, “पहिली अडचण, आपण आहोत हे कुणाला ठाऊक नाही. दुसरी, पोरं शिकली की पुण्याला जातात.”

“आणि तिसरी?”

तिसरी मांडणाऱ्या जळकोटच्या मॅडमची एसटी चुकली होती.

* * *

जुनं गाव म्हणजे माझं माहेर. भूकंपात पडलं तेव्हा मी शाळेत होते. सरकारनं लांब नवं गाव बांधून दिलं. आम्ही तिकडं गेलो. आई ढिगाऱ्यातच राहिली.

मग इतकी वर्षं तिथं नुसत्या बाभळी. आता त्या जागेवर स्मृती-उद्यान करायचं ठरलं. नकाशा मॅडमच्या शाखेनं काढला, कडुलिंब, बोर, आवळा, सगळी इथलीच झाडं. पण काम अजून हातात नव्हतं. ते गेलं तर शाखा बंद करू, असं संघटनेच्या मुख्य कार्यालयानं कळवलं होतं. मॅडमचा चेहरा उतरलेला मला खिडकीतूनच दिसायचा.

उद्यानाला निधी देणाऱ्या आमदारसाहेबांना हवं होतं लॉन. “हिरवंगार पाहिजे मॅडम. फोटो चांगला येतो.”

“साहेब, उन्हाळ्यात तिथं प्यायला टँकर येतो.”

“मग बागेलाबी टँकर लावू.”

* * *

आणि खरंच लावला. मॅडमचा नकाशा बाजूलाच राहिला; ठेकेदारानं बाभळी काढल्या, माती पसरली, लॉन अंथरलं, भोवती तारेचं कुंपण घातलं. नव्या गावातल्या बाया घागरी घेऊन टँकरला आडव्या गेल्या. ड्रायव्हर म्हणाला, “हे बागेचं पाणी हाय.”

“मग साहेबाला म्हणावं, मतंबी बागेलाच माग,” एकजण म्हणाली.

बागेचा टँकर बंद झाला. आणि त्यानंतर जीपमधली ती बातमी फिरायला लागली.

* * *

साहेबांनी सगळ्यांना पाहणीला बोलावलं. मॅडम म्हणाल्या, “वहिनी, चला. तुम्हाला गाव माहीत आहे.” मी चपला घालूनच उभी होते.

भर दुपार. वाऱ्याची झुळूक नाही. लॉन अजून हिरवट होतं, पण त्यात पिवळ्या रेघा उमटल्या होत्या. सरळ, काटकोनात. खोल्या, ओटे, मधून बोळ. अख्खं गाव गवतावर काढून ठेवलेलं.

“खाली भिंतींचे पाये आहेत,” मॅडम हळूच म्हणाल्या. “दगडावर माती थोडी, म्हणून तिथलं गवत आधी वाळतं.”

पटलं. तरी रेघ ओलांडायला कुणाचा पाय उचलेना. साहेब मात्र सरळ आत गेले आणि फोनवर बोलत उभे राहिले.

मी ओळखीच्या बोळातून नजर फिरवत गेले. हे सुतारांचं, हे माझ्या चुलत्याचं. मग म्हटलं, “साहेब, जरा बाजूला व्हता का? तुम्ही काकूच्या चुलीवर उभे आहात.”

साहेबांनी फोन बंद केला आणि आल्या वाटेनं, दार होतं तिथूनच, बाहेर आले. गाडीत बसताना एवढंच बोलले, “लॉन नको. मॅडम, तुमच्याच नकाशानं करा.”

शिंदेसरांनी तिथंच डोळे पुसले. शाखा वाचली होती.

* * *

म्हणजे घरं उगवली होती, हे खरं. बाई मात्र कुणालाच दिसली नाही.

परतताना मॅडम थांबल्या. बुजलेल्या आडापासून एक पायवाट निघाली होती. तिच्यावरचं गवत वाळलेलं नव्हतं, तुडवलेलं होतं. वाट रेघांतल्या आमच्या माहेरघराच्या दारापर्यंत जात होती.

“पाणी मारणाऱ्या गड्यांची असेल,” शिंदेसर म्हणाले. गडी येऊन किती दिवस झाले, ते कुणी विचारलं नाही.

मॅडमनी नकाशा उघडला. “वहिनी, ही वाट बागेत ठेवू या. फक्त दारापाशी उगीच वाकडी गेलीय बघा, तिथं काहीच नाही. सरळ करते.”

“नको,” मी म्हणाले. “तिथं आमचा रांजण होता. घागर घेऊन आई त्याला वळसा घालूनच आत यायची.”