कोठीवर लिहिलेले पाच नियम

प्रमोद गेल्याचा नागपूरहून फोन आला, तेव्हा मी त्याच्याच फायलीत लुचईची नोंद टाईप करत होते. धान: लुचई. बांधी: तळ्याखालची. भाताची जात झाली, खाचर झालं, पुढं ‘कोणाकडून’ लिहायचं होतं... ओळ तिथंच राहिली.

प्रमोद माझ्या दिराचा मुलगा. नोकरी नागपुरात, कॉम्प्युटरची. पण दर रविवारी आसगावला यायचा आणि आम्हा बायांच्या जुन्या बियाण्यांच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम बांधत बसायचा. साठीनंतर मला टायपिंगला बसवलं तेही त्यानंच.

तेरवीला भंडाऱ्याचे एक साहेब आले. त्यांच्या संस्थेला आमच्या नोंदी हव्यात. जेवले, सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, “हुशार होता, पण हट्टी. सारं जग एक्सएमएल वापरतं, यानं स्वतःचं व्याकरण काढलं. आता ते वाचणार कोण? जुनं सोडा, नव्यानं भरू.” त्याच्याच तेरवीचं जेवून! अंगाची नुसती लाही झाली माझ्या.

हट्टी? अहो, नोंदी लिहायचं ते एक्सएमएल आधी त्यानंच आणलं होतं. त्यात प्रत्येक गोष्ट सुरू करायची एक खूण आणि बंद करायची दुसरी. एक राहिली तरी मशीन अख्खी फाईल नाकारतं. प्रमोदनं बायांना सोपं करून सांगितलं, “ही खूण टाकली का धान संपलं.” शेजारची सुभद्रा ताडकन उठली.

“काहून रे? घरात बी असून धान संपलं म्हनू? तुह्या मायनं हेच शिकवलं काय तुले?”

आमच्याकडं ‘संपलं’ म्हणणं अशुभ; डबा खडखडीत झाला तरी ‘वाढलं’ म्हणतात. एकीनंही ती खूण टाकली नाही. पुढच्या रविवारी एकही फाईल उघडेना. प्रमोद पोट धरून हसला.

“मोठीमाय, मशीनले बदलवतो. तुमाले नाही.”

आणि नवे नियम बांधले. एका ओळीत एकच गोष्ट. नवी ‘धान’ ओळ आली की आधीची नोंद आपोआप बंद होते. बंद करायची खूणच नाही. मी म्हटलं, “बाबू, जगाचं सोडून आपलं काढलं, उद्या कोणाले समजलं नाही त?”

“खरं आहे. एक्सएमएल वाचणारे प्रोग्राम रग्गड आहेत, आपलं वाचणारा एकच. म्हनून त लिवून ठेवून राहिलो.” खिडकीचा उरलेला हिरवा ऑइलपेंट घेऊन त्यानं माझ्या बियाण्याच्या पत्र्याच्या कोठीवर पाचही नियम लिहिले. “कागद हरवते, मोठीमाय. कोठी कोन हरवते?”

मी साहेबांना हात धरून कोठीपाशी नेलं. म्हटलं, वाचा. त्यांनी मोबाईलवर फोटो काढला. “पाहतो, काकू.” तीन आठवडे झाले, पाहूनच राहिले आहेत! पाच ओळी वाचायला एवढे दिवस? आणि सुभद्रानं कोणत्या बांधीत काय पेरलं, बी कोणी दिलं, हे सारं ‘सोडा’ म्हणायला एक सुपारी पुरली. आता ट्रॅक्टरवर कोठीच घालून त्यांच्या दारात नेणार आहे. सुभद्रा सोबत यायला कधीची तयार आहे.

काल लुचईची ओळ पुरी केली. कोणाकडून: प्रमोद. मूठभर बी त्यानंच कुठून तरी आणलं होतं. पुढची ‘धान’ ओळ मी अजून लिहिलेली नाही. कोठीवरचा पाचवा नियम हिरव्या अक्षरांत सांगतो, पुढचं धान येईपर्यंत आधीची नोंद उघडी असते.

राहू दे थोडे दिवस...