टेबलाची कड

सातवीत शाळा सुटलेला मी मेळघाटातून इतक्या लांब पुण्यात आलो, आणि इथे नसीमाताईंनी शिकवलं म्हणून कॉम्प्युटरवर नोकरी करतो. अजून चुका होतात, नोकरी जाईल अशी भीती वाटते, म्हणून आज पुन्हा त्यांच्या कॉम्प्युटरच्या वर्गात जाऊन बसलो.

शेजारी एक नव्या मावशी होत्या. माऊस सरकवत सरकवत त्यांचा हात टेबलाच्या कडेला पोचला, आणि पडद्यावरचा बाण मध्येच थांबला.

"टेबल संपलं की वो! आता कुठं नेऊ?"

"खाली फरशीवर न्या, मावशी!" मीच म्हणालो. आपल्याला येतं हे दिसावं म्हणून. सगळा वर्ग हसला.

माऊस उचलून परत मध्ये ठेवायचा, एवढंच असतं. पण तेवढंही कुणीतरी दाखवावं लागतं. कॉम्प्युटरवरची कामं खूप निघालीत म्हणतात. आमच्यासारख्यांचं टेबल तिथवर पोचायच्या आधीच संपतं. माझं संपलं तेव्हा ताई हसल्या नव्हत्या.

"आपली धुणीभांडीच बरी," म्हणत मावशी पिशवी घेऊन निघून गेल्या. ताईंनी मावशींचा माऊस कडेवरून उचलून मध्ये ठेवला.

ताई, तुमचे उपकार मी एक दिवस नक्की फेडीन. मावशी परत आल्या, तर उद्यापासूनच.