रक्त माझं, विचारलं मॅडमला

लॅबमधल्या पोरानं माझ्या दंडाला रबरी पट्टी आवळली आणि माझ्या डोक्यावरून मागे बघत विचारलं, "मॅडम, घेऊ ना?"

"घ्या," मॅडम म्हणाल्या.

दंड माझा. रक्त माझं. मला कुणी विचारलं नाही.

मॅडमनी करमाडकडची त्यांची जमीन प्लॉट पाडून विकली आणि शहरात बंगला बांधला. त्याच दुष्काळात आमची मेंढरं चाऱ्यापाण्यावाचून गेली आणि मी त्या बंगल्यात पोळ्या लाटायला लागले. नवरा ट्रकवर होता. तो तापानं वारला, तसा मॅडमना संशय आला. "साधी तपासणी आहे गं," एवढंच म्हणाल्या. ती एचआयव्हीची होती हे मला रिपोर्ट आल्यावर कळलं. रिपोर्टही त्यांच्याच हातात. दिवाणखान्यात, पाहुण्यांसमोर वाचला: पॉझिटिव्ह. मी लाटलेल्या पोळ्या त्यांनी टोपलीसकट फाटकाबाहेर फेकल्या. मागोमाग मलाही काढलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लहानपणी आमच्या कळपाकडे जनावरांचा डॉक्टर यायचा. सुई टोचायच्या आधी बापाला विचारायचा, "मामा, घेऊ का रक्त?" मेंढीला कोण विचारतं? मालकाला विचारतात. त्या लॅबमध्ये मी मेंढी होते.

सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या समुपदेशक ताईंनी आधी दार लावलं. म्हणाल्या, "एका चाचणीवर काही ठरत नाही. वेगवेगळ्या तीन किटवर बघावं लागतं. निकाल फक्त तुम्हालाच सांगू. घ्यायचं का रक्त?"

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"तुम्हालाच विचारतेय," त्या म्हणाल्या.

तोवर मी लाजेनं मान खाली घालून बसले होते. आता राग आला. बाही मीच वर सारली.

"व्हय," मी म्हणाले. "घ्या."

निकाल आला. बंद खोलीत, मला एकटीला सांगितला.

मग मॅडमचा फोन. नवी स्वयंपाकवाली टिकली नव्हती. "काय आलं गं? चांगलं आलं असेल तर ये उद्यापासून."

"सांगणार नाय. अन् येणार बी नाय."

"अगं, मला कळायला नको?"

"नगं."

फोन मी ठेवला. आधी कधी ठेवला नव्हता.

लोक अजून विचारतात. तुम्हीही वाचताना तेच शोधत असाल. गोळ्या घ्यायच्या असतील तर घेईन. ज्याला सांगायचं त्याला माझ्या तोंडानं सांगेन. पण निकाल माझा आहे. तुम्हालाही सांगणार नाही.