निळ्या फेजवरची शेगडी

बाळांनो, परवा तुम्ही फोनवर मला तुमच्या स्वयंपाकघरातली काचेची शेगडी दाखवलीत. जाळ नाही, धूर नाही, नुसतं बोट लावलं की पाणी उकळतं. धाकटीने विचारलं, "आजी, तुझ्याकडे विजेची शेगडी नव्हती ना?" मी पटकन "नव्हती" म्हणाले आणि विषय बदलला. त्यानंतर दोन दिवस ते मला खात राहिलं. शेगडी होती. तिच्यापायी मी एका बाईचं नुकसान केलं. ते आज नीट लिहून काढते. तुमच्या आईला यातलं अर्धंच माहीत आहे.

ऐंशीचं दशक सरताना आम्ही गिरगावातली खोली सोडून भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कच्या बाजूला राहायला आलो. चार मजली इमारत, सोळा घरं, त्यांतली पाच-सहा नुसती घेऊन ठेवलेली, कुलपं लावलेली. भाईंदर म्हणजे मुंबईची उपनगरं ज्या बेटावर आहेत त्याचं वरचं टोक. पलीकडे खाडी, अलीकडे मिठागरं, आणि वाऱ्यात कायम मीठ. तांब्याच्या तारा हिरव्या पडायच्या, फ्यूजच्या पकडी गंजायच्या. वीज जायला पाऊसवाऱ्याची गरज नसे.

इमारतीत वीज तीन तारांनी यायची. वायरमन त्यांना लाल, पिवळी आणि निळी फेज म्हणायचा. प्रत्येक घर यांतल्या एकीवर. आमचं पिवळीवर होतं, आणि पिवळी कायम आजारी. संध्याकाळी ट्यूबलाइट लागायची नाही, फ्रीज कण्हत बंद पडायचा. कुलूप लागलेली घरं बहुतेक निळीवर होती, म्हणून तिथे दाब चांगला असे. एखादी फेज गेली की लोक जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत जाऊन आपली तार चालू फेजवर घालून घ्यायचे आणि आपली आली की परत काढायचे. यात कुणाला चोरी वाटत नसे, कारण मीटर ज्याचा त्याचाच फिरायचा. फक्त एक रिवाज होता. तार घालण्याआधी जिन्यात उभं राहून हाक मारायची, "निळीवर येतोय हो!" म्हणजे त्या फेजवरची माणसं इस्त्रीबिस्त्री थोडा वेळ बंद ठेवायची. सगळ्यांना तासाभराचं निभावून न्यायची ही रीत मला तेव्हा फार आवडली होती.

गॅसची तऱ्हा वेगळी. मुंबईतलं कनेक्शन इकडे बदलून मिळालं, पण एकाच सिलिंडरवर. तो संपला की नंबर लावायचा आणि वाट बघायची, कधी तीन आठवडे, कधी महिना उलटून जाई. "गाडी आली!" असं कुणी ओरडलं की बायका कणकेच्या हातांनी खाली धावायच्या. मधल्या दिवसांत घरोघरी रॉकेलचा स्टोव्ह पेटे. माझ्याकडेही होता. तुमच्या आजोबांना दमा आहे, धूर चालत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. दमा होता, पण थोडासाच. खरी गोष्ट ही की माझी भांडी काळी झालेली मला खपत नसत.

म्हणून मी स्टेशनजवळून कॉइलची शेगडी आणली. पांढऱ्या तबकडीत वेटोळी घातलेली तार, दोन हजार वॅटची. पिवळीवर ती नुसती तांबूस व्हायची. भाताला दीड तास लागला. वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, रोज रोज तार कशाला बदलताय? हँडल बसवून देतो. इकडे केलं की पिवळी, तिकडे केलं की निळी."

"धोका नाही ना यात?"

"इतना तो चलता है, मॅडम."

माझ्या मीटरच्या वर त्याने हाताएवढं हँडल बसवलं. पहिला आठवडा मी ते स्वयंपाकापुरतं निळीवर करायचे आणि परत पिवळीवर आणायचे. पुढे निळीवरच राहू दिलं. गॅस आला तरी राहू दिलं, कारण फ्रीजही आता छान चालत होता. हाक मात्र एकदाही मारली नाही. रोज काय ओरडायचं, असं मी स्वतःला सांगितलं. हाक मारली असती तर सगळ्यांना कळलं असतं की मी तासाभरासाठी आलेली नाही, मुक्कामालाच आलेय.

निळीवर नियमाने राहणारी दोनच घरं होती. त्यांतलं एक तळमजल्यावरचं, जिन्यालगत. मराठवाड्यातून आलेलं बौद्ध कुटुंब, नवरा-बायको आणि दोन मुली. तो एका कंपनीत नोकरीला होता. ती शिवणकाम करायची, शाळेचे गणवेश. पश्चिमेच्या एका दुकानदाराचं काम तिला मिळालं होतं. त्यासाठी तिने मशीनला छोटी मोटर बसवून घेतली होती. मी ब्लाउज शिवायला द्यायचे. एकदा म्हणाली, "काकू, आठ दिवस थांबा. संध्याकाळची मशीन चालंना झालीय. सुई खाली जाती अन् वर यायला इचार करती." मी हसले. घरी येऊन कुकर लावला, शेगडीवरच.

मे महिना होता. गणवेशाचे दिवस. आमचा गॅस संपलेला, पाहुणे यायचे होते, म्हणून मी पुरण शिजायला ठेवलं होतं. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला शेगडी एकदम विझली आणि खालून ओरडा आला. मीटरच्या खोलीतून धूर येत होता. निळीचा फ्यूज वितळला होता आणि त्याला लागूनच असलेला तळमजल्यावरच्या त्या बाईचा मीटर जळून काळा पडला होता. कुणीतरी मुख्य स्विच पाडला, कुणी वाळू फेकली. मोठं काही झालं नाही. मुली घाबरून रस्त्यावर उभ्या होत्या.

मी सोसायटीची सेक्रेटरी. टॉर्च घेऊन खाली गेले. माणसं वायरमनला आणायला, पाणी आणायला बाहेर धावली तेव्हा मी त्या खोलीत एकटी होते, दोन मिनिटंसुद्धा नाही. टॉर्च काखेत धरला आणि हँडल पिवळीवर केलं. ते कोमट लागलं. मग बाहेर येऊन मीच म्हणाले, "कुणी आत जाऊ नका."

रविवारी गच्चीवर सभा झाली. तिसऱ्या मजल्यावरचे व्यापारी गृहस्थ आधीच तापलेले. "आम्ही तर रोज ऐकतो ना, दिवसभर घर्र घर्र! घर आहे का फॅक्टरी?"

तिचा नवरा उभा राहिला. "साहेब, मोटर एवढीशी आहे. एका पंख्याएवढी वीज खाते."

"मग आमच्या पंख्यांनी का नाही आग लागत?" सगळे हसले. तो बसला.

चेअरमन बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन माणूस. त्यांनी वायरमनला विचारलं. तो म्हणाला, "निळीवर लोड जास्त झाला." त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग स्वतःच्या चपलांकडे. चेअरमन माझ्याकडे वळले. "वहिनी, तुमचं काय मत?"

तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "रहिवासी इमारतीत व्यवसायाची मोटर नियमात बसत नाही." ते खोटं नव्हतं. नियम तसाच होता. दुसऱ्या मजल्यावर शिकवण्या चालायच्या, चौथ्यावर मसाले दळले जायचे, त्या घरांचा नियम कुणाला आठवला नाही. सभेत कुणी जातीचा शब्द काढला नाही. काढायची गरजच पडली नाही. तळमजल्यावरच्यांचं चुकलं, हे सगळ्यांना सोपं वाटलं, आणि मलाही.

सभेचा वृत्तान्त मी नेहमी इंग्रजीत लिहायचे. माझं अक्षर आणि माझं इंग्रजी यांचा इमारतीत दबदबा होता. मी लिहिलं की तळमजल्यावरच्या शिवणयंत्राच्या मोटरमुळे आग लागली, आणि ती मोटर काढून टाकण्याचं संबंधितांनी मान्य केलं. सही घ्यायला वही घेऊन गेले तेव्हा नवरा कामावर होता. तिने विचारलं, "काय लिव्हलंय, काकू?"

"काही नाही. मोटर काढायची, एवढंच."

तिने सही केली. मराठीत, सावकाश, नाव-आडनाव.

मोटर निघाली. ती पायाने मशीन चालवू लागली. गणवेश वेळेत झाले नाहीत, आणि पुढच्या वर्षीचं काम दुकानदाराने दुसऱ्या बाईला दिलं. हे मला तिने नाही, तिच्या मोठ्या मुलीने सांगितलं. मी शेगडी माळ्यावर टाकली आणि स्टोव्ह पेटवायला लागले. भांडी काळी झाली. त्यामुळे मनाला बरं वाटेल असं वाटलं होतं. तिला त्याचा काय उपयोग होता?

दिवाळीच्या आधी मी मन घट्ट करून खाली गेले. ती पायाने मशीन चालवत उशांचे अभ्रे शिवत होती. मी म्हणाले, "मला तुला एक सांगायचंय. त्या आगीबद्दल."

तिने मशीन थांबवली नाही. "शेगडीचं ना?"

मी तिच्या खाटेवर बसले.

"माझं दार उघडलं की ती खोलीच समोर दिसती, काकू. हँडल बसवलं तवा मी भाकरी करत होते. तुमचा सैपाक उरकला की माझी मशीन पळायची. घड्याळ बघायचं कामच नव्हतं."

"मग तू बोलली का नाहीस? सभेत तुझा नवरा होता, तू होतीस."

आता तिने पाय थांबवला. "बोलले असते. पण लिहिणार कोण होतं?"

मी खाटेवरून उठले. मग म्हणाले, "पुढच्या सभेत मी सांगते. सगळ्यांसमोर. वहीतही दुरुस्त करते."

"सांगा," ती म्हणाली. रागाने नाही आणि आभार मानल्यासारखंही नाही. एखाद्याने येतो म्हटल्यावर "या" म्हणावं, तसं. मग दोरा ओवायला लागली.

पुढची सभा महिन्याभराने झाली, पाण्याच्या टाकीबद्दल. आगीची सभा सोडली, तर सभांना तिचा नवराच यायचा. त्या दिवशी ती आली. धाकट्या मुलीला मांडीवर घेऊन सतरंजीच्या कडेला बसली. टाकीवर तासभर भांडण झालं. मी भराभर लिहून घेत होते. काय बोलायचं ते मी घरी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं. शेवटी चेअरमननी विचारलं, "आणखी कुणाचा काही विषय?"

मी मान वर केली. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ घड्याळ बघत होते. तुमचे आजोबा, ज्यांना मी फक्त एवढंच सांगितलं होतं की शेगडी फार वीज खाते म्हणून बंद केली, माझ्याकडे बघून हसले. लवकर आटप, अशा अर्थाने. ती माझ्याकडे बघत होती. मी वहीचं पान सरळ केलं. चेअरमन म्हणाले, "नाही ना? मग संपवू या, वहिनी."

मी लिहिलं की अन्य विषय नव्हता. तिने मुलीला खांद्यावर घेतलं, चपला शोधल्या आणि सगळ्यांच्या आधी जिना उतरली.

वर्षभरात ते लोक खाडीपलीकडे नायगावला राहायला गेले. टेम्पो भरताना मी गॅलरीत उभी होते. मोठ्या मुलीने वर बघून हात हलवला. मीही हलवला. खाली गेले नाही. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि इतक्या वर्षांनी मला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.