कुरूप म्हणणाऱ्या बाई

“तोंड नको, पाय दाखवा!”

परळच्या आमच्या दवाखान्यात दर बुधवारी मधुमेही पेशंटांचा ऑनलाइन वर्ग भरायचा आणि पाय कसे सांभाळायचे ते शिकवणाऱ्या आमच्या बाई त्याची सुरुवात अशी करायच्या. मी रिसेप्शनवर, म्हणून कॉम्प्युटर लावायचं काम माझ्या गळ्यात. पडद्यावर वीस-पंचवीस चेहरे दिसायचे, पावडर लावून, भांग पाडून बसलेले. पाय एकाचाही नाही.

तुम्हीच सांगा, आपल्यात कुणाला तळपाय दाखवायचे म्हणजे केवढा संकोच! चुकून पाय लागला तरी नमस्कार करणारी आपण माणसं. लालबागचे एक आजोबा अडूनच बसले. “बायमाणसाक पाय कसो दाखवू?” बाईंनी सरळ पडद्याला डोकं टेकवलं. “घ्या, पडले पाया. आता दाखवा.” आजोबा इतके ओशाळले की दोन्ही तळपाय त्यांनी कॅमेऱ्यालाच चिकटवले.

एक गृहस्थ तर अर्धा तास छताचा पंखा दाखवत होते. “पंख्याला शुगर नाही हो,” बाई म्हणाल्या, “धूळ मात्र आहे.”

शिकवताना त्या स्वतःची एक चप्पल टेबलावर ठेवायच्या. “शुगरने पाय बधिर होतो. खडा रुतला तरी कळत नाही. म्हणून आधी चपलेत हात, मग पाय!” शेजारी डॉक्टरांचा डबा असायचा. डॉक्टर बिचारे तो हळूच लांब सरकवायचे.

ठाकूरद्वारच्या काकू या वर्गाची शान. सत्तरी गाठलेली, पण पाय असे घासूनपुसून ठेवलेले की कुणीही बघत राहावं. पंधरा दिवसांवर नातीचं लग्न होतं आणि काकू त्यात नाचणार होत्या. त्यांच्या करंगळीखाली बाईंना एक टणक गाठ दिसली. आपण तिला कुरूप म्हणतो, बाईही तेच म्हणाल्या. पण नेटवर्कने घात केला. पंचवीस घरांत ऐकू गेलं ते एवढंच: “काकू... कुरूप आहे...”

काकूंनी फोन आपटला. कुरूप तर कुरूप, वर ‘आहेत’सुद्धा नाही!

थोड्या वेळाने सुनेचा फोन आला. “गैरसमज दूर केला मी. पण आता आई ब्लेड शोधतायत. कुरूप कापूनच टाकते म्हणतात, लग्नात दिसायला नको.”

बाई पांढऱ्याफटक पडल्या. बधिर पायावर ब्लेड चालवलं तर जखम कळत नाही, ती चिघळते आणि बोट जातं, कधी पायसुद्धा. “लपव ते ब्लेड!” असं ओरडून त्या धावत सुटल्या. टेबलावरची चप्पल घेऊन मी मागे. टॅक्सीत ती द्यायला गेले तर म्हणाल्या, “नंतर गं!”

तीन मजले चढून बाई एका अनवाणी पायाने काकूंच्या दारात. काकू पाय परातीत बुडवून बसलेल्या, हातात ब्लेड.

“आधी पाय धुवा!” काकू गरजल्या. बाईंनी मुकाट्याने पाय धुतला. काकूंची नजर त्यावर खिळली. “अगो बाई! तुम्हालाही कुरूप आहे?”

“आहे ना. पण मी कुरूप आहे का?”

काकूंनी त्यांना नीट न्याहाळलं. घाई केली नाही.

“तशा बऱ्या आहात,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी ब्लेड बाईंच्या हातात दिलं. सून आणि मी हसून हसून खाली बसलो. पुढे डॉक्टरांनी ते कुरूप नीट काढलं.

बाई गेल्या, त्याला वर्ष झालं. मला त्यांची फार आठवण येते आणि आठवल्या की त्या लग्नाच्या हॉलमध्येच दिसतात. नातीचा हात धरून काकू बेभान नाचतायत, लोक टाळ्या पिटतायत आणि पहिल्या रांगेत बाई, जिलबी हातातच विसरून, नुसत्या काकूंच्या पावलांकडे बघतायत. गाणं संपलं तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला, डोळे पुसले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “मोजली मी. दहाही जागेवर आहेत.”