मामाची मांडी

जावळाच्या चार दिवस आधी भावाचा फोन आला. "ताई, रविवारी सुट्टी मिळेल असं वाटत नाही गं. तू दुसऱ्या कुणाला तरी बसव."

माझा भाऊ इगतपुरीला रेल्वेत आहे. त्याच्या ड्युट्या त्याच्यापेक्षा मला जास्त पाठ असतात, कारण आई गेल्यापासून 'जेवलास का' हे विचारायचं काम माझ्याकडे आहे. रविवारी त्याला हक्काची सुट्टी असते. म्हणजे पठ्ठ्या खोटं बोलत होता, आणि खोटं बोलायला त्याला लहानपणापासून जमत नाही. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि कणिक अशी तिंबली की नवरा स्वयंपाकघरातून निघून गेला.

आमच्याकडे बाळाचं पहिलं जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढतात. आत्या शेजारी पदर पसरून बसते, केस जमिनीवर पडू द्यायचे नाहीत. माझी लेक अकरा महिन्यांची, मी सत्तेचाळीस वर्षांची, आणि मामा एकुलता एक. तो का टाळतोय हे मला पक्कं ठाऊक होतं. ही मुलगी माझ्या पोटातून आली, पण बीज दुसऱ्या बाईचं. ते घरच्यांपैकी फक्त नवऱ्याला आणि भावाला माहीत होतं. भावाने ते बायकोला सांगितलं, आणि माशी तिथे शिंकली.

वीस वर्षं मी उपास केले, गोळ्या खाल्ल्या, दुसऱ्यांच्या डोहाळजेवणात मागच्या खुर्चीवर बसले. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमची बीजं आता राहिली नाहीत. दुसरीचं घेतलं तर होईल. आणि कुणाला सांगितलं नाही तर कळतही नाही." त्या बिचाऱ्या धीर द्यायला म्हणाल्या, पण मला ते शेवटचं वाक्य खटकलं. लपवायला मी काय कुणाच्या घरात डल्ला मारला होता? पुढे रोज कमरेत इंजेक्शन घेऊन मी शाळेत उभ्याने शिकवलं, खुर्चीवर टेकवत नव्हतं. स्टाफरूममध्ये "या वयात?" असं कुजबुजणाऱ्यांना मी मुद्दाम पेढे दोन-दोन दिले. लसीच्या रांगेत एक सिस्टर म्हणाली, "आजी, बाळाची आई कुठंय?" म्हटलं, "आई मीच. आजी व्हायला अजून पंचवीस वर्षं आहेत, तेव्हा या जेवायला."

तर दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली, लेकीला काखोटीला मारलं आणि इगतपुरीची एसटी धरली.

भावाने दार उघडलं आणि त्याचा चेहराच पडला. भावजयीने चहा ठेवला. ती वाईट नाही हो, बाळंतपणात आठ दिवस माझ्याकडे राहून तिने शेक-शेगडी सगळं केलंय. ती हळूच म्हणाली, "ताई, रागावू नका. पोर मला काही नकोशी नाही. पण मामाची मांडी म्हणजे आईकडचं रक्त ना? तेच नाही तिच्यात. देवासमोर बसवायचं आणि खोटं करायचं, मनाला पटत नाही."

भांडून बोलली असती तर मी भांडून मोकळी झाले असते. ती इतकी मऊ बोलली की मला आतून भाजल्यासारखं झालं. समोर भिंतीवर तिच्या मुलाच्या जावळाचा फोटो होता. फेटा बांधून, मांडीवर भाच्याला घेऊन एक काळासावळा मुलगा बसलेला.

"हा कोण गं?" मी विचारलं.

"तुम्हाला माहितेय की. माझा भाऊ."

"सख्खा?"

तिला भाऊच नाही. फोटोतला मुलगा तिच्या माहेरचा शेजारी, ती त्याला राखी बांधते.

"त्याचं कुठलं रक्त आलं तुझ्या मुलात? तो मानलेला मामा देवाला चालला ना? मग ही पोर मी नऊ महिने पोटात वाढवलीय, पोट फाडून बाहेर काढलीय. आणि हिलाच तेवढा मामा नाही?" मग मी भावाकडे वळले. "आई गेली तेव्हा तू सहावीत होतास. शाळेत पालक म्हणून कोण यायचं रे? 'ही आई नाही' म्हणून कुणी मला दारातून परत पाठवलं होतं का?"

रडायचं नाही असं एसटीत ठरवलं होतं. रडले. लेकीने तेवढ्यात बशीतली सगळी बिस्किटं चहात घातली.

भावाने चहाचा कप लेकीपासून लांब सरकवला. मग म्हणाला, "येतो मी. पण ताई, बाकी कुणाला कळू देऊ नकोस. लोक माझ्या तोंडाकडे बघत बसतील." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मला त्याची मांडी हवी होती.

रविवारी सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत वीस माणसं दाटीवाटीने बसली. भाऊ फ्रॉक आणि चांदीचे वाळे घेऊन आला, पाटावर बसला, लेकीला मांडीवर घेतलं. नणंदेने पदर पसरला. नाभिकदादांनी पहिली बट कापली आणि माझ्या चुलत सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "अगं बाई, नाक बघा पोरीचं! हुबेहूब मामाचं!"

"हो हो, अगदी!" सगळे हसले. भाऊही हसला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. हस ना ताई, असं ते पाहणं होतं.

हसणं सोपं होतं. पण मला दिसलं की दहा वर्षांनी कुठल्याशा लग्नात कुणीतरी ही गोष्ट माझ्या लेकीच्या कानात सांगणार. तिला वाटेल, आईने लपवली म्हणजे लाजेचीच असणार. कुणी विषय काढला तर लपवायचं नाही, हे नवऱ्याचं आणि माझं आधीच ठरलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने 'सांग' म्हणून मान हलवली.

"मामाचं नाही हो काकू," मी म्हटलं. "माझंही नाही. माझी बीजं संपली होती, एका बाईने तिचं दिलं. नाक तिचं असेल. ती कोण, कुठली, मला माहीत नाही, पण जिथे असेल तिथे सुखात राहो. पोरगी माझी आहे."

नाभिकदादांची कात्री हवेतच थांबली. काकूंनी तोंडाला पदर लावला. नणंदेच्या हातातला पदर सैल पडला. भावजय मान खाली घालून बसली. मी कुणाकडेच बघत नव्हते, फक्त भावाकडे बघत होते. हा आता उठला, पोरीला पाटावर ठेवून उठला, तर पुन्हा याचं तोंड बघायचं नाही, असं मी मनात म्हणत होते आणि त्याच वेळी देवाचा धावा करत होते.

त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. कान लाल झाले होते त्याचे. त्याने पोरीला जरा वर ओढून पोटाशी नीट बसवलं आणि नाभिकदादांना म्हणाला, "दादा, थांबलात का? हात चालवा. मामाच्या पायाला मुंग्या यायच्या आत उरका."

नणंदेने पदर पुन्हा ताणून धरला. कात्री चालू झाली.

सगळं झाल्यावर लेकीचं गुळगुळीत डोकं बघून लोक पुन्हा बोलायला लागले, कुणी जेवणाच्या पंगतीला हाक मारली. भावाच्या शर्टावर केस चिकटले होते, पाय खरोखर बधिर झाला होता. मी वाकून म्हटलं, "दे, घेते मी तिला."

"राहू दे," तो म्हणाला. "बसू दे अजून थोडा वेळ."