जात्यावरचा रॉक

रॉक संगीताशी माझं आयुष्यात एकदाच भांडण झालं आणि ते मी जात्यावर बसून हरले.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन संत तुकाराम नगरात आले तेव्हा माझ्याकडे दोन गोष्टी होत्या: पुण्याची बी.ए.ची पदवी आणि आपल्या संस्कृतीची काळजी. (पदवी ट्रंकेत असायची, काळजी घरभर.) धाकटे दीर वसंतभावजी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी आमचे कान किटवायचे. तीन मित्र, एक उसनी इलेक्ट्रिक गिटार आणि ऑइलच्या रिकाम्या पिंपांचे ड्रम. बँडचं नाव 'ब्लॅक स्पॅनर्स'.

एका रविवारी मी मेथी निवडत होते, तर बाहेरच्या खोलीतून सासूबाईंची ओवी ऐकू आली. सासूबाई चाकणकडच्या. दळताना म्हटलेली, भावाची वाट बघणारी त्यांची ती ओवी मला फार प्रिय. (दुरूनच. आमचं पीठ गिरणीतून यायचं.) पण आज ती गिटारवर होती, आणि भाऊ काही केल्या येईना म्हणून चौघं जण मागून "ये ये ये" ओरडत होते.

मी निवडलेल्या मेथीसकट बाहेर आले.

"भावजी, हे काय चालवलंय?"

"रॉक आहे वहिनी. वर्कशॉपच्या गॅदरिंगला बसवतोय. दहा मिनिटं दिलीत आम्हाला. पहिल्यांदाच स्टेज मिळतंय."

"बायकांनी पहाटे उठून, घाम गाळून जपलेली ओवी, आणि तुम्ही तिच्यावर पिंपं बडवता? आई, तुम्ही तरी सांगा ह्यांना."

सासूबाई लसूण सोलत होत्या. पायानं ठेका चालू होता.

"मी काय सांगू? ओवी काय माज्या बापाची हाय व्हय? आत्याची ऐकली, तिच्यात माज्या भावांची नावं घातली. फकस्त त्ये ये ये जरा दमानं घ्या रं."

संस्कृती वाचवायला मी एकटीच उरले होते. मग मी फतवाच काढला. "ओवी जात्याशिवाय म्हणायची नाही. आणि दळण सरल्याशिवाय थांबवायची नाही. ही रीत पाळणार असाल तर म्हणा."

मला वाटलं, विषय संपला. वसंतभावजी म्हणाले, "झकास. जातं स्टेजवर आणू. दळायला तुम्ही बसा."

सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सुमन, तू कदी दळलंयस?"

"त्यात काय एवढं? गोल तर फिरवायचं."

गॅदरिंगच्या दिवशी गावाकडून टेम्पोनं जातं आलं. मी नऊवारी नेसले. "मूठभर ज्वारी घे," सासूबाई म्हणाल्या होत्या. मूठभर ज्वारीत परंपरेची शान ती काय राहणार? मी सूप शिगोशीग भरलं.

पडदा उघडला, पिंपं धडाडली, मी खुंटा ओढला. जातं हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा हललं, आणि मग ड्रमच्या वेगानं असं सुटलं की दाणे आख्खेच्या आख्खे बाहेर उडायला लागले. एक मॅनेजरसाहेबांच्या चहात पडला. ओवी संपली. सूप भरलेलंच.

"वहिनी, संपलं गाणं," भावजी कुजबुजले.

"दळण कुठं संपलंय?" मी दातओठ खात म्हणाले. रीत म्हणजे रीत.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. मग आणखी एकदा. पुढच्या नाटकातले मावळे विंगेत तलवारी टेकून जांभया देत होते. शब्द संपले तसे भावजी पदरचे घालू लागले. फोरमनवर ओवी झाली, ओव्हरटाइमवर झाली, आणि मग:

"बी.ए. पास वहिनी, बसली दळाया,
दाणं लागलं पळाया, जात्यातूनी!"

सगळा हॉल "ये ये ये" करायला लागला. माझ्या तळहातांना फोड आणि डोळ्यांत पाणी. (संतापाचं. आजही मी तेच सांगते.)

शेवटी सासूबाई पदर खोचून स्टेजवर आल्या, माझ्यासमोर बसल्या. "सरक. घास बारीक घाल." एका हातानं त्यांनी जातं असं फिरवलं की जणू ते पंख्यासारखं हलकं होतं. माइकमध्ये दोन ओव्या म्हटल्या, गिटार मुकाट्यानं त्यांच्यामागून चालली. मग भरलं सूप त्यांनी शांतपणे पाठीमागे सारलं आणि जाहीर केलं, "सरलं दळण."

पहिलं बक्षीस 'ब्लॅक स्पॅनर्स'ला मिळालं. मी महिनाभर भावजींशी बोलले नाही.

परवा शेजारच्या मुलाच्या हळदीला गेले होते. तिथे चार पोरांचा बँड. गाता गाता म्हणाले, "आता एक पारंपरिक लोकगीत," आणि सुरू केलं:

"धाव्वी नापास वहिनी, बसली दळाया..."

नात म्हणाली, "आजी, किती जुनं असेल ना हे? कोण असेल ही वहिनी?"

"असेल कोणी बावळट," मी म्हणाले, आणि काठी टेकत तडक स्टेजवर गेले. लोकगीतांची अशी मोडतोड मी खपवून घेत नाही. मूळ शब्द 'बी.ए. पास' आहेत.